व्ही-क्रॉसचे शॉकअप १,३२,००० किमीला बदलले, आणि परत कंपनीचेच घातले

गाडी २०१८ ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २.५ लिटर डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर. दापोलीकडे आमची आंब्याची आणि थोडी काजूची बाग आहे, समुद्र तिथून दोन किलोमीटरवर, बागेपर्यंत जायला शेवटचा तीन किलोमीटर रस्ता जांभ्या दगडाचा आणि मातीचा. बाकी महिन्यातून दोन-तीन वेळा पुणे, खेड पोलादपूर महाड माणगाव करून ताम्हिणीने. एप्रिल-मे मध्ये हौद्यात पेट्या, इतर वेळी खत, पाइप, पंप, कधी नुसती माणसं. म्हणजे गाडीला आराम असा नाहीच. हे आधी सांगतोय कारण शॉकअपचा रिव्ह्यू वाचताना समोरचा माणूस गाडी कुठे चालवतो हे कळलं नाही तर त्या रिव्ह्यूचा काही उपयोग होत नाही, हायवेवर एकटा फिरणारा आणि आमच्यासारखा बागेत जाणारा यांचं मत एकच कसं असणार.

शॉकअप गेलेत हे मला कळलंच नव्हतं, आणि हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून यावर जरा जास्त लिहितो. क्लच गेला की कळतं, ब्रेक पॅड संपले की आवाज येतो, शॉकअप मात्र रोज थोडा थोडा मरतो आणि आपण रोज थोडी थोडी सवय करून घेतो. खड्ड्याआधी आपोआप जास्त स्लो व्हायला लागतो, वळणावर स्टिअरिंग जरा आधी फिरवतो, ब्रेक लवकर दाबतो, आणि वाटतं रस्तेच खराब झालेत. आबा मागे बसून दोन वर्षं सांगत होते की अरे गाडी पूर्वी अशी उडत नव्हती, मी म्हणायचो पिकप आहे, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, उडणारच. मग गेल्या दिवाळीत मेव्हण्याची व्ही-क्रॉस चालवली, सेम मॉडेल, एक वर्ष नवीन, पण फक्त ४०,००० किमी झालेली. बागेच्याच रस्त्यावर चालवली. पहिल्या शंभर मीटरमध्ये मला कळलं की माझ्या गाडीत आणि या गाडीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिचं चाक खड्ड्यात जायचं आणि बाहेर यायचं, बस्स, संपलं. माझी गाडी खड्ड्यातून बाहेर आल्यावर अजून दोन-तीन वेळा वर खाली व्हायची. ज्यांच्या गाडीचे लाखभर किमी झालेत त्यांनी आपल्या मॉडेलची कमी चाललेली गाडी एकदा, आपल्याच रोजच्या रस्त्यावर चालवून बघा, दुसरी कुठलीही टेस्ट इतकं स्पष्ट सांगत नाही.

दुसरा पुरावा टायरवाल्याने दिला. पुढची टायर रोटेट करायला गेलो तर त्याने हात फिरवला टायरच्या पृष्ठभागावरून आणि म्हणाला भाऊ इथे हात लावा. हाताला लाटा लागत होत्या, थोड्या थोड्या अंतरावर खोलगट भाग. अलाइनमेंट बिघडली की टायर एका कडेने घासतो, पण असे खोलगट चट्टे पडले म्हणजे बऱ्याचदा चाक रस्त्यावर नीट टेकत नाहीये, उड्या मारत चाललंय. त्या टायरचा हायवेवर घूं घूं आवाज यायचा, मी सहा महिने व्हील बेअरिंग समजत होतो.

आता मागची एक गोष्ट, जी मला अजून खुपते. दोन वर्षांपूर्वी पुढचा डावा शॉकअप लीक झाला होता, तेल खालपर्यंत ओघळलेलं. तेव्हा घाईत एका दुकानातून एकच शॉकअप घेतला, दुकानदाराने सांगितलं कंपनीचाच आहे, बॉक्स पण तसाच, आणि जिथे बसवला त्याने पण विचारलं नाही की दुसऱ्या बाजूचं काय. बसवल्यावर गाडी ब्रेक मारताना किंचित एका बाजूला बसायची. आठ महिन्यांत तो नवीनच लीक झाला. काढून बघितला तर रॉडचा क्रोम जागोजागी उडालेला आणि त्या खरबरीत रॉडने सील कापलेलं. अंगावर पार्ट नंबर नव्हताच, नुसता स्टिकर होता जो पावसात निघून गेला. म्हणून सांगतो, शॉकअप नेहमी जोडीने बदलायचा, पुढचे दोन किंवा मागचे दोन, जमलं तर चारी. एका बाजूला जिवंत आणि एका बाजूला अर्धमेला असेल तर ओल्या रस्त्यावर वळणात गाडी दोन वेगवेगळ्या गाड्यांसारखी वागते.

ज्यांना आतलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, वजन उचलते स्प्रिंग, पुढे कॉइल आणि मागे पाटे. स्प्रिंग दाबली की ती परत उसळी घेणार, आणि ती उसळी जिरवायचं काम शॉकअपचं. नळीत तेल असतं, पिस्टनला बारीक वाटा आणि झडपा असतात, तेल त्यातून जबरदस्तीने जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. तेल पातळ झालं, झडपा झिजल्या, सील गेलं किंवा आतला गॅस निघून गेला की तेलाला फेस येतो, आणि फेसातून पिस्टन सुळकन जातो, रोखतच नाही. बाहेरून थेंबभर तेल न गळता पण शॉकअप आतून संपलेला असू शकतो. अंगावर तेलाचा पुसट थर आणि त्यावर धूळ दिसली तर ते चालतं, रॉड प्रत्येक वेळी थोडं तेल घेऊनच बाहेर येतो. ओघळ दिसला, तेल खालच्या बुशपर्यंत (जोडातल्या रबरापर्यंत) आलं, की तो गेला.

बोनेट दाबून सोडायचं आणि गाडी किती वेळा हलते ते बघायचं, ही टेस्ट पिकपला फारशी लागू पडत नाही, विशेषतः मागे. रिकाम्या हौद्याला पाटे इतके कडक असतात की दोन माणसं उभी राहिली तरी हलत नाही. मला गॅरेजच्या मेस्त्रींनी दुसरी पद्धत दाखवली आणि ती मी आता सगळ्यांना सांगतो. आठ-दहा किलोमीटर खराब रस्त्याने गाडी चालवा, थांबा, आणि लगेच चारही शॉकअपच्या नळीला हात लावा, सायलेन्सरपासून सांभाळून. काम करणारा शॉकअप गरम लागतो. माझे तीन कोमट होते, मागचा डावा पूर्ण थंड. तो काही करतच नव्हता, नुसता लटकलेला होता.

मग काय घ्यायचं यावर दोन महिने डोकं खाल्लं. व्ही-क्रॉसवाल्यांच्या ग्रुपवर विचारा, दहापैकी आठ जण सांगणार की कंपनीचे नको, बाहेरच्या ब्रँडचे घाल, ओल्ड मॅन इमू घाल, आयर्नमॅन घाल, प्रोफेंडर घाल, आणि घालतोच आहेस तर दीड-दोन इंच लिफ्ट पण कर, म्हणजे गाडी उंच कर. हे वाईट नाहीत, उलट ओल्ड मॅन इमूचा सेट घातलेली एक गाडी मी ताम्हिणीत चालवून बघितली, लोड असताना फार सुंदर बसते, शंकाच नाही. पण त्या गाडीला पुढे लोखंडी बंपर आणि विंच, मागे कायमचा कॅम्पिंगचा सेटअप, म्हणजे सतत दोन-अडीचशे किलो जास्त वजन. हे सेट विकणारे स्प्रिंग देताना विचारतातच की बंपर आहे का, मागे कायम लोड किती, आणि त्यावर स्प्रिंग ठरते. माझ्या गाडीला यातलं काही नाही. वर्षातले नऊ महिने हौदा रिकामा किंवा अर्धा. रिकाम्या गाडीत कडक सस्पेन्शन घालून मी आबांची पाठ कशाला मोडू.

आणि लिफ्टचं म्हणाल तर मला नकोच होती. २२५ मिमी ग्राउंड क्लिअरन्स बागेच्या रस्त्याला पुरून उरतो. गाडी उंच केली की चाक धरून ठेवणाऱ्या वरच्या आर्मचे आणि त्याच्या टोकाच्या बॉल जॉइंटचे अँगल बदलतात, पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर ताण येतो, कास्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, आणि हे सगळं नीट करायचं तर अजून पार्ट. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहेच, कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला बंदी, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. उद्या एखादा अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्याने फोटो काढले तर वाद कोण घालत बसणार. आंब्याच्या सीझनमध्ये माझी गाडी आठ दिवस उभी राहिली तर माझं जे नुकसान होतं ते कुठल्याही शॉकअपच्या किमतीपेक्षा मोठं आहे.

मग साधा हिशोब केला. कंपनीचे शॉकअप कोकणातल्या रस्त्यावर, खारी हवा, वर्षाला चार महिने पाऊस, यात लाखाच्या पुढे गेले (तो एक लीक झालेला सोडून, आणि तोही नव्वद हजाराला). एवढं चालल्यावर शॉकअप संपणं हे झिजणं आहे, त्याला खराब माल म्हणता येत नाही. जो माल एकदा एवढा टिकला तोच परत घालावा, आणि जे पैसे वाचतील ते आजूबाजूच्या रबरांवर घालावेत. हा निर्णय मला सहा महिन्यांनंतर पण बरोबर वाटतो.

रबरांवर म्हणजे काय तर शॉकअपच्या वरचा माउंट, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारं रबर), धुळीची टोपी म्हणजे डस्ट बूट, स्प्रिंगखालचं रबर, स्टॅबिलायझरच्या (वळणात गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंक आणि बुश, आणि माझ्या केसमध्ये खालच्या आर्मचे बुश. लोक चाळीस-पन्नास हजाराचे शॉकअप घालतात आणि वरचा जुना चिरलेला माउंट तोच ठेवतात, मग चार दिवसांनी टक टक आवाज येतो आणि शॉकअपला शिव्या. वरचा माउंट तसाही शॉकअप काढल्याशिवाय बदलता येत नाही, म्हणजे तेव्हा नाही बदलला तर तीच मजुरी परत द्यायची. डस्ट बूट तर किरकोळ किमतीचा पार्ट, तो फाटला की चिखल थेट रॉडवर, आणि आमच्या लाल मातीचा चिखल म्हणजे पॉलिश पेपरच.

पार्ट थेट अधिकृत काउंटरवरून, गाडीचा चेसिस नंबर देऊन मागवले. बारा दिवस लागले. चेसिस नंबर द्याच, कारण वर्षानुसार आणि मॉडेलनुसार पार्ट वेगळे असतात, हौद्यात जास्त माल नेणारी डी-मॅक्स आणि व्ही-क्रॉस दिसायला सारख्या असल्या तरी आतलं सेटिंग एक नाही. बॉक्स उघडल्यावर आधी नळीवर ठोकलेला नंबर बिलाशी जुळवला, मागच्या अनुभवानंतर ती सवयच लागली. बिल जपून ठेवलंय.

एक शब्दाचा घोळ पण सांगतो, दुकानात उपयोगी पडेल. बाजारात पुढच्याला सगळे स्ट्रट म्हणतात. खरा स्ट्रट, म्हणजे बहुतेक छोट्या कारला पुढे असतो तो, स्वतःच चाकाला उभं धरून ठेवतो, त्याला वरचा आर्म नसतो. व्ही-क्रॉसला पुढे डबल विशबोन आहे, वर एक आर्म, खाली एक आर्म, आणि मध्ये कॉइल स्प्रिंगच्या आत बसवलेला शॉकअप. म्हणून याला कॉइलओव्हर म्हणतात. फायदा असा की शॉकअप बदलला म्हणून आपोआप अलाइनमेंट फारशी हलत नाही. पण खालच्या आर्मचे बुश बदलले तर मात्र करावीच लागते.

काम केलं चिपळूणकडच्या एका गॅरेजमध्ये, दोन मेस्त्री आणि एक पोरगा, बोर्ड पण नीट दिसत नाही. नाव इथे टाकत नाही कारण त्यांना गर्दी नकोय, त्यांनीच सांगितलं. पण ज्या पद्धतीने काम केलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी सकाळी नऊला पोचलो तर मेस्त्रींनी पहिलं वाक्य विचारलं, भाऊ बोल्टवर रस्ट ऑइल मारलंत का. फोनवर त्यांनी सांगितलं होतं की येण्याआधी तीन दिवस रोज संध्याकाळी खालच्या बोल्टवर मारत राहा, आणि मी मारलं होतं. तरी पुढच्या उजव्या बाजूचा खालचा बोल्ट हलायला तयार नाही. खाऱ्या हवेत बोल्ट आणि बुशच्या मधली लोखंडी नळी एकमेकांना गंजून चिकटतात, नट सुटतो पण बोल्ट बाहेर येत नाही. पोरगा गॅस कटर आणायला निघाला, मेस्त्रींनी थांबवलं. म्हणाले आर्मचं लोखंड तापवलं तर आतलं रबर जळेल आणि बाजूला ब्रेकचा होस आहे. मग आधी नट उलटा लावून हळू ठोकणं, मग ऑइल, मग चहा, मग परत, मग बोल्ट पान्ह्याने पुढे मागे पुढे मागे फिरवत. दीड तास गेला त्या एका बोल्टला. शेवटी निघाला तेव्हा मधला भाग अर्धा खाल्लेला. नवीन बोल्ट मी पार्टबरोबर मागवलेले होतेच, कारण फोनवर त्यांनी तेही सांगितलेलं. समुद्राजवळच्या सगळ्यांनी ही गोष्ट लिहून ठेवा, शॉकअपबरोबर खालचे बोल्ट-नट नवीन मागवा, नाहीतर गाडी जॅकवर आणि तुम्ही एका बोल्टसाठी तीन दुकानं फिरताय असं होतं. नवीन बोल्ट घालताना त्यांनी मधल्या भागाला ग्रीस लावलं, पुढच्या वेळी सुटावा म्हणून.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवली नाही, चेसिसखाली चारही बाजूंना स्टँड. चाक निघाल्यावर ब्रेकचा होस आणि एबीएसची वायर क्लिपमधून सोडवून तारेने वर बांधली, कारण आर्म खाली सोडला की सगळं वजन त्या वायरवर येतं आणि मग डॅशबोर्डवर लाइट. साध्या गोष्टी आहेत पण मी दोन-तीन ठिकाणी बघितलंय, करत नाहीत.

कॉइल स्प्रिंग शॉकअपवरून काढायचं काम मात्र घरी करू नका, अगदी मनापासून सांगतो. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत बसलेली असते, वरचा नट सोडला आणि स्प्रिंग नीट पकडलेली नसली तर ती माणसाचा जबडा फोडू शकते. यांच्याकडे भिंतीला ठोकलेलं दाबायचं मशीन आहे. काढण्याआधी स्प्रिंग, वरची प्लेट आणि खालची बैठक या तिघांवर खडूने एक रेघ मारली, म्हणजे परत बसवताना स्प्रिंगचं टोक त्याच खाचेत. आणि वरचा मधला नट घट्ट करताना एअर गन नाही वापरली, हाताने, कारण गनने आतला रॉड गरागरा फिरतो आणि सील नवीन असतानाच दुखावतं. रॉडला पक्कडने धरायचं तर नाहीच, एक ओरखडा पुरे.

जुने शॉकअप निघाल्यावर मेस्त्रींनी ते माझ्यासमोर टेबलावर उभे केले आणि दाबायला सांगितले. मागचा डावा, जो थंड होता, तो माझ्या एका हाताने खाली गेला आणि खालीच राहिला. ओढला तर मध्ये दोन बोटं अंतर अगदी मोकळं, काही अडकत नाही, मग थोडा जड, मग परत मोकळा. बाकीचे पण दमलेलेच. मग नवीन दाबला, दोन्ही हातांनी अंगाचं वजन टाकून हळूहळू गेला आणि सोडल्यावर कुठेही न अडखळता तसाच हळूहळू स्वतःच वर आला. त्या टेबलापाशी मला दोन वर्षांचं सगळं एकदम कळलं. प्रत्येक गॅरेजने गिऱ्हाइकाला हे दाखवलं पाहिजे असं मला वाटतं, दोन मिनिटं लागतात. नवीन शॉकअप बसवण्याआधी ते उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण वर खाली पण केले, आडवे पडून आलेले असतात आणि आत हवा चुकीच्या जागी गेलेली असते म्हणून.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे नव्वद टक्के ठिकाणी चुकतं. बुशवाले बोल्ट पूर्ण घट्ट करायचे ते गाडी चाकांवर उभी केल्यावर. गाडी स्टँडवर असताना आर्म खाली लटकलेला असतो, तेव्हाच बोल्ट आवळला तर बुशचं रबर त्या लटकलेल्या अवस्थेत पकडलं जातं, आणि गाडी खाली आली की ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग गाडी थोडी उंच दिसते, कडक वाटते, आणि वर्षभरात बुश फाटतो. यांनी सगळे बोल्ट आधी नुसते टेकवले, चाकं लावली, गाडी खाली घेतली, थोडी मागे पुढे ढकलली, मग खाली खड्ड्यात उतरून टॉर्क पान्ह्याने एकेक. पुस्तकातला आकडा भिंतीवर लिहिलेला होता. मी विचारलं सगळे असं करतात का, तर मेस्त्री काहीच बोलले नाहीत, पुढचा बोल्ट आवळला.

संध्याकाळी सहा वाजले. दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट, आधीचा आणि नंतरचा दोन्ही प्रिंट घेतले, टो, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत-बाहेर किती वळलीत ते माप, बरंच चुकलेलं होतं. प्रिंट मागाच, नुसतं झालं म्हणतात ते चालवून घेऊ नका. खर्च चारही शॉकअप, माउंट, सगळी रबरं, लिंक, बुश, बोल्ट, मजुरी, अलाइनमेंट धरून एकेचाळीस हजार सहाशे. यात मजुरी साडेपाच हजार, आणि त्या दीड तासाच्या बोल्टचे वेगळे पैसे घेतले नाहीत, मीच हजार जास्त दिले.

फरक? परत येताना पहिल्या स्पीड ब्रेकरला गाडी चढली, उतरली, आणि शांत झाली. ब्रेक दाबल्यावर नाक जे खाली जायचं ते अर्ध्यावर आलं. हायवेवर पुलांच्या जोडांवर मागचा भाग जो बाजूला सरकायचा, ज्याची मला इतकी सवय झाली होती की मी जोड दिसला की स्टिअरिंग घट्ट धरायचो, ते पूर्ण बंद. ताम्हिणीतल्या वळणांवर गाडी झुकते, पिकप आहे, झुकणारच, पण एकदाच झुकते आणि तशीच धरून ठेवते, पूर्वी झुकून परत हलायची. या सीझनला पेट्या भरून सात फेऱ्या झाल्या पुण्याच्या, मार्केट यार्डात माल उतरवताना खालच्या थरातल्या आंब्याला दर वर्षी जे डाग पडलेले दिसायचे ते यंदा फार कमी होते. पेंढा, पेट्या, भरणारी माणसं सगळं तेच होतं, त्यामुळे मी तरी याचं श्रेय शॉकअपला देतो.

कमी काय वाटतं तेही लिहितो. हौदा पूर्ण रिकामा असताना मागे छोट्या खड्ड्यांचे हादरे अजून लागतात, ते पाट्यांचे आहेत, शॉकअप बदलून जाणार नाहीत, कोणी जातील म्हणून सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आणि बागेच्या रस्त्यावर जोरात, सलग वीस-पंचवीस मिनिटं चालवली तर शॉकअप तापून किंचित सैल पडल्यासारखे वाटतात. बिलस्टीनसारख्या ब्रँडचे मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉकअप या बाबतीत सरस असतात, त्यात तेल आणि गॅस वेगळे ठेवलेले असतात आणि नळी एकच असल्यामुळे उष्णता लवकर बाहेर जाते. लडाख-स्पिती करणारा, किंवा ऑफरोडला नियमित जाणारा असेल तर त्याने तिकडेच जावं, माझा आग्रह त्यांच्यासाठी नाही. कायम वजन असलेल्यांनी पण आधी स्प्रिंगचा विचार करावा मग शॉकअपचा. पण घर, बाग, हायवे, म्हातारी माणसं मागे, अधूनमधून माल, अशी ज्यांची पिकप आहे त्यांनी कंपनीचेच घाला आणि उरलेल्या पैशात रबरं बदला.

एक हजार किमीनंतर परत जाऊन सगळे बोल्ट तपासून घेतले, एक लिंकचा नट पाव वळसा फिरला, बाकी घट्ट. पावसात आठवड्यातून एकदा खालून साध्या पाण्याने धुतो, प्रेशर मारताना डस्ट बूटच्या आत पाणी जाऊ देत नाही. आता ९,४०० किमी झालेत, चारही कोरडे, परवाच बागेतून आल्यावर हात लावून बघितला, चारही गरम. पाट्यांच्या शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश राहिलेत, मेस्त्रींनी तेव्हाच दाखवले होते की वर्षभर काढतील, ते आंब्याच्या सीझनच्या आधी जानेवारीत करून घेणार आहे, बोल्टवर रस्ट ऑइल मारायला डिसेंबरपासूनच सुरुवात करतो.